निखार आणि आपले वाङ्मय

मराठी वाङ्मयात पक्षी पुष्कळ आहेत. पण त्यांपैकी पाखरू किती आणि प्रतीक किती, याचा हिशेब आपण क्वचितच मांडला आहे. ज्ञानदेवांच्या विराणीतला काऊ पंढरीरायाच्या येण्याचा शकुन सांगतो. संतांचा चातक मेघाच्या थेंबासाठी तळमळतो आणि चकोर चांदण्यावर जगतो. अर्वाचीन कवितेत बालकवींचा पारवा येतो तो खिन्नतेला रूप द्यायला. हे सारे आपापल्या जागी सुंदरच आहे. चातक निदान पावसाळ्याच्या तोंडाशी आपल्याकडे खरोखर येतो. चकोर मात्र हिमालयाच्या बाजूचा रहिवासी. महाराष्ट्रातल्या टेकड्यांवर तो नसतोच. तरी आपल्या कवितेत तो शतकानुशतके घरच्यासारखा नांदतो. कोकिळेचेही तेच. वसंतात जो स्वर ऐकून आपण व्याकुळ होतो तो नराचा. आपल्या भाषेने ते गाणे मादीच्या पदरात घातले.

रेव्हरंड टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता घ्या. घायाळ पक्षिणी पिलांकडे परतते, या प्रसंगाने शाळेच्या बाकांवर बसलेल्या कित्येक पिढ्यांचे डोळे ओले केले. वर्गात ती वाचताना आजही मुले स्तब्ध होतात. परंतु ही पक्षिणी कोणत्या जातीची, हे कोणी विचारत नाही आणि कवितेलाही ते सांगण्याची गरज भासत नाही. ती आई आहे, एवढे पुरे. त्या एका कवितेपुरते हे योग्यच आहे. तथापि साऱ्या वाङ्मयाचीच ती रीत होऊन बसली, की एक उणीव निर्माण होते. ती केवढी आहे हे दाखवण्यासाठी मी एका लहानशा पाखराची साक्ष काढतो.

त्या पाखराचे नाव निखार. तो चिमणीएवढाच, पण अंगाने सडसडीत आणि शेपटीने लांब. नराचे डोके व पाठ राखी, घसा काळसर आणि छाती नारिंगी. मादी फिकट, पिवळसर. वर राख आणि खाली विस्तव, असे हे रूप ज्याने पाहिले त्यानेच हे नाव ठेवले असणार. एका शब्दात इतके नेमके वर्णन आमच्यासारख्या कादंबरीकारांना पानभर लिहूनही साधत नाही. निखार जमिनीवर सहसा उतरत नाही. चार-सहांच्या टोळीने तो झाडांच्या शेंड्यांतून किडे टिपत, बारीक शीळ घालत पुढे सरकतो. त्याचे घरटे म्हणजे फांदीवरची इवलीशी वाटी. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली आणि बाहेरून सालीचे कपचे चिकटवलेली ती वाटी खालून पाहणाऱ्याला फांदीची गाठच वाटते. पुण्याच्या वेताळ टेकडीवर हा पक्षी राहतो.

‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ हा अहवाल २०२० साली प्रथम निघाला. पंधरा हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या एक कोटीवर नोंदी त्याच्या मुळाशी होत्या. सर्वत्र आढळणाऱ्या, नेहमीच्या म्हणून गणलेल्या ज्या पक्ष्यांची संख्या उतरणीला लागल्याचे त्यात दिसले, त्यांत निखार होता. त्याच अहवालात चिमणीविषयीचा निष्कर्ष आहे: मोठ्या शहरांत ती कमी झाली, पण देशभराचा विचार करता तिची संख्या साधारण स्थिर आहे.

आता आपल्या वाङ्मयाने शोक कोणाचा केला ते पाहा. चिमणीसाठी कविता झाल्या, लेख झाले, शाळाशाळांतून निबंध लिहवून घेतले गेले. २०१० पासून २० मार्च हा तिच्या नावाचा दिवसही पाळला जातो. यात वावगे काही नाही. चिमणी शहरांतून खरोखरच हटली आहे. पण निखारासाठी एक ओळही नाही. याचे कारण उघड आहे. चिऊताईला आपल्या गोष्टीत मेणाचे घर आहे, काऊशी तिचे भांडण आहे, पहिल्या घासाबरोबर ती मुलाच्या कानी पडते. निखाराला आपल्या गोष्टीत घरच नाही. जो कधी आपल्या भाषेत राहिलाच नाही, तो गेल्याची जाणीव भाषेला कशी व्हावी?

याउलट कोरड्या याद्यांकडे पाहावे. पेशवाई बुडून चौदा वर्षे झाली होती, तेव्हा, म्हणजे १८३२ साली, सायक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनला प्रसिद्ध केली. शास्त्राला तोवर अज्ञात असलेल्या पन्नासांहून अधिक जाती तीत होत्या. ते वाङ्मय नव्हे; त्यात रस नाही, करुणा नाही. तरी त्या काळी या मुलखात कोण उडत होते, याची साक्ष द्यायला तीच उपयोगी पडते. आजचे निरीक्षक टेकडीवर जाऊन तारीख, वेळ आणि संख्या टिपतात, ती त्याच जातीची साक्ष आहे. २०२३ च्या दुसऱ्या अहवालात अशा नोंदी तीन कोटींवर गेल्या. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला, त्यांपैकी २०४ जाती घटलेल्या निघाल्या. आकड्याने नुकसान कळते. नुकसान कोणाचे आणि कसे, हे सांगणे वाङ्मयाचे काम आहे.

मराठीत हे काम कोणी केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्याचे रान शब्दांत आणले. मारुती चितमपल्ली यांनी तर वनखात्यातल्या आयुष्यभराच्या भटकंतीतून पक्ष्यांची नावे वेचली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आपण त्यांना दिले; २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. मान दिला, पण त्यांची शब्दसंपत्ती आपल्या कथा-कादंबरीने घेतली का? ती ‘निसर्गलेखन’ अशा वेगळ्या फडताळात ठेवून आपण मोकळे झालो. आमच्या कादंबऱ्यांतून आजही ‘कोठेतरी एक पाखरू’ ओरडते आणि नायक ‘एका झाडाखाली’ बसतो.

यावर आक्षेप येईल की, वाङ्मय म्हणजे प्राणिशास्त्र नव्हे; नावांची जंत्री दिल्याने कादंबरी मोठी होत नाही. आक्षेप खरा आहे. पण आपण माणसांच्या बाबतीत असे म्हणतो काय? पात्राचे नाव, त्याची आळी, त्याच्या घरातली भांडी आपण नेमकी देतो, कारण नेमकेपणावाचून जिव्हाळा निर्माण होत नाही. हाच नियम झाडापाखरांना का नसावा?

हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. वेताळ टेकडीवरून रस्ता न्यावा की नाही, हा वाद पुण्यात पेटला आणि २०२३ साली नागरिक रस्त्यावर उतरले. अशा वादात एक बाजू मिनिटे आणि मीटर मांडते. दुसऱ्या बाजूने ‘निसर्ग वाचवा’ एवढेच म्हटले, तर ‘निसर्ग दुसरीकडे लावून देऊ’ असे उत्तर सहज मिळते. पुण्याच्या टेकड्यांवर मध्य अमेरिकेतले गिरिपुष्प लावून हिरवळ केलेलीच आहे. पण सालई, मोई, मेडशिंगी यांचे मूळचे रान आणि ही हिरवळ यांतला भेद ज्याच्या भाषेत नाही, त्याला तो टेकडीवर उभे राहूनही दिसत नाही. भेद दिसला नाही, तर त्यासाठी भांडणारही कोणी नाही.

दिवाळीच्या सुमारास, ५ ते १२ नोव्हेंबर या दिवसांत, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळला जातो. पहिला दिवस चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सालिम अलींच्या. त्या निमित्ताने व्याख्याने होतील, प्रदर्शने भरतील. लिहिणाऱ्यांकडे माझे मागणे त्याहून लहान आहे. पुढच्या वर्षीच्या दिवाळी अंकासाठी कथा लिहायला बसाल, आणि तीत एखादे पाखरू आले, तर ते कोणते हे ठरवून लिहा. निखार असेल, तर निखार म्हणा.