‘बारगीर पायदळ’ : एका संज्ञेचें परीक्षण

इतिहासाची ओळख पूर्वीं बखरींतून, पोवाड्यांतून व क्रमिक पुस्तकांतून होत असे. हल्लीं ती संगणकावरील युद्धखेळांतूनहि होते. तेव्हां अशा खेळांची परीक्षा संशोधकांनीं करूं नये, असें म्हणतां येत नाहीं. इंग्लंडांतील क्रिएटिव्ह असेंब्ली या संस्थेनें तयार केलेला व २००९ सालीं प्रसिद्ध झालेला ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा खेळ कुंडल येथें आमच्या नातवाच्या संगणकावर आम्हीं कांहीं दिवस पाहिला. अठराव्या शतकांतील राज्यें त्यांत खेळणारास चालवितां येतात; मराठ्यांचें राज्यहि त्यांत आहे. त्याच्या सैन्यांत हातघाईनें लढणारें ‘बारगीर इन्फंट्री’ नांवाचें एक पायदळ आहे. नातवानें विचारलें, “आजोबा, बारगीर म्हणजे पायीं लढणारा ना?” या प्रश्नाचें उत्तर हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम गुण सांगतों. मराठे म्हणजे केवळ घोडेस्वारांच्या धाडी, हा समज परकीयांत फार दिवस होता. डोंगरी किल्ले घेणें व राखणें हें काम मुख्यत्वें पायदळाचें. ढाल-तरवार घेऊन भिडणाऱ्या मराठी पायदळास खेळांत स्थान मिळालें, हें योग्यच झालें. आमचा वाद त्याच्या अस्तित्वाशीं नाहीं, नांवाशीं आहे.

शब्द फारसी आहे. ‘बार’ म्हणजे ओझें व ‘गीर’ म्हणजे घेणारा. संस्कृतांतील ‘भार’ शब्द व ‘ग्रह्’ धातु यांचे हे सगोत्रच. ओझें वाहणारें जनावर या अर्थावरून तो शब्द, दुसऱ्याच्या घोड्यावर बसून चाकरी करणारा स्वार, या अर्थीं रूढ झाला. कृष्णाजी अनंत सभासदानें १६९७ मध्यें लिहिलेल्या बखरींत पागेची व्यवस्था स्पष्ट दिली आहे : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद. ज्याच्यामागें नालबंद लागतो तो पायदळाचा शिपाई कसा होईल? पायदळाची वेगळी रचना, नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशी चढती, त्याच बखरींत आहे.

बारगीर व शिलेदार हा भेद केवळ नांवाचा नाहीं. शिलेदाराचा घोडा स्वतःचा; तो पडला कीं त्याची उपजीविकाच पडली, म्हणून तो घोडा जपून लढणार. बारगिराचा घोडा सरकारचा; नुकसान सरकारचें आणि हुकूमहि सरकारचा. शिवाजी महाराजांनीं शिलेदारांना पागेच्या हुकमतीखालीं ठेविलें, यांतलें मर्म हेंच. म्हणजे या एका शब्दांत मराठी राज्याच्या लष्करी अर्थकारणाचा सारांश आहे. घोडा काढून घेतला कीं शब्दांत उरतें काय?

खेळकर्ते कसे चुकले असावेत, याचा आमचा तर्क असा. १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या इंग्रजी कोशांत बारगिराजवळचा घोडा व हत्यारें हीं दोन्ही त्याच्या मालकीचीं नसतात, असा अर्थ आहे. त्यांतील हत्यारें तेवढीं ठेवून घोडा सोडला कीं ‘सरकारी हत्यारांचें पायदळ’ तयार होतें. पण कोश अर्धा वाचणें हें न वाचण्यापेक्षां वाईट. बंगाल्यांत १७४१ ते १७५१ या काळांत ज्या स्वाऱ्या झाल्या, त्या करणारांस तेथील लोक ‘बर्गी’ म्हणत, तो याच शब्दाचा अपभ्रंश. तेथील अंगाईगीतांनीं ज्यांची धास्ती जतन केली, ते घोड्यावरूनच आले होते.

दुसरा दोष याहून मोठा. खेळांतील कांहीं पथकांचीं नांवें ‘हिंदू’, ‘इस्लामी’, ‘शीख’ अशीं धर्मावरून पाडलेलीं आहेत. आमच्या दप्तरांतील वर्गवारी चाकरीवरून, प्रदेशावरून व हत्यारावरून चाले : हशम, मावळे, हेटकरी, गारदी. पानिपतावर १७६१ मध्यें पेशव्यांच्या बाजूनें लढलेला इब्राहीमखान गारदी या वाटणींत कोठें बसवावा?

‘खेळच तो, नांवांत काय आहे?’ असें कोणी म्हणेल. त्यास कुंडलचें उदाहरण देतों. हें गांव तत्कालीन औंध संस्थानांतील. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचें तें १९४३ ते १९४६ या काळांत एक मुख्य ठाणें होतें, जी. डी. बापू लाड येथलेच. ‘प्रति’ हा संस्कृत उपसर्ग. अर्थ स्पष्ट : परक्या सरकारास उत्तर म्हणून उभें केलेलें सरकार. लोकांच्या तोंडीं त्याचें ‘पत्री’ झालें. पत्री म्हणजे नाल. म्हणून गुन्हेगारांच्या पायांस खरोखरच नाल ठोकीत, असें आजहि कित्येक समजतात. न्यायदान, दारूबंदी व हुंड्याविना लग्नें हें त्या सरकारचें काम मागें पडलें आणि नाल पुढें आली. ज्या पिढीनें तें सरकार पाहिलें, तिच्या डोळ्यांदेखत हें घडलें. मग तीनशें वर्षांपूर्वींच्या बारगिराची बाजू कोण घेणार?

या पायदळास ‘हशम’ किंवा ‘मावळे’ म्हटल्यानें खेळाची गोडी तिळमात्र कमी होणार नाहीं. आमची संग्राहकांस विनंति एवढीच कीं, आपल्या रुमालांतील पागेच्या हजिऱ्या, जमाखर्च व जाबते पुन्हां पाहावे. पायदळांत चाकरी करणाऱ्यास ‘बारगीर’ म्हटल्याचा एकहि अस्सल कागद निघाला, तर तो या त्रैमासिकांत छापावा. आम्ही आमचें मत आनंदानें मागें घेऊं. तोंपर्यंत नातवास दिलेलें उत्तर कायम आहे : “नाहीं, बाळ. बारगिराजवळ घोडा होता. तो त्याचा नव्हता, एवढेंच.”