पायथॉन की आर? आधी शेजारचं टेबल बघा

पीएचडीला लागण्याआधी कोणती लँग्वेज शिकू, असं विचारलंत तर बहुतेक जण डोळे झाकून पायथॉन सांगतील. सल्ला वाईट नाही, पण अर्धवट आहे.

मीही पायथॉनच शिकून आलो. लॅबमधला सगळा जुना कोड मात्र मॅटलॅबमधला, आणि मॅटलॅबचा परवाना संपत आलेला. तो कोड पायथॉनमध्ये आणला. महिनाभर माझा आलेख एका घराने सरकलेला होता आणि मला पत्ताच नाही! मॅटलॅब 1 पासून मोजतं, पायथॉन 0 पासून. एरर येत नाही, उत्तर फक्त चुकतं. गाईडनी शिखराची जागा विचारली तेव्हा कुठे कळलं.

आर ही ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या संख्याशास्त्रज्ञांनी घडवलेली. रिग्रेशन एका ओळीत होतं, हे खरं सुख. पण 2020 मधल्या 4.0.0 आवृत्तीपर्यंत डेटा फ्रेममध्ये मजकुराचा स्तंभ गुपचूप फॅक्टर व्हायचा. त्याला थेट आकड्यांत बदललंत की किमतींच्या जागी क्रमांक हातात! सीनियरकडून जुनी स्क्रिप्ट घेतलीत तर हे आधी तपासा.

'पायथॉन हळू आहे' ही तक्रारही निम्मीच खरी. लूप हळू चालतो, पण नमपायचं जड काम आत सी भाषेत होतं.

तेव्हा आधी शेजारच्या टेबलावरचा सीनियर काय वापरतो ते बघा. रात्री अकराला कोड अडला की फोन त्यालाच करायचाय.