जास्वंदीला फळ कुठे लागतं?

फुलाच्या प्रजननाचा धडा म्हटला की एकच आकृती डोळ्यांसमोर येते : उभी कापलेली जास्वंद. बाणांच्या टोकांना नावे – निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग, कुक्षी, कुक्षीवृंत, अंडाशय. इयत्ता बदलते, पुस्तक बदलते, आकृती बहुधा तीच असते. या आकृतीबद्दल आमची तक्रार आहे.

जास्वंद निवडण्यामागे कारणे आहेत, हे मान्य. फूल मोठे, बारमाही, शाळेच्या कुंपणाला मिळणारे. अवयव नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पण एका शाळेत सातवीतल्या मुलीने विचारले, "सर, जास्वंदीला फळ कुठे लागतं?" सर गोंधळले. खरे सांगायचे तर मागे बसलेले आम्हीही गोंधळलो. बागेतल्या जास्वंदीला फळ क्वचितच धरते. आपण ती फांदी लावून वाढवतो. म्हणजे अंडाशयाचे फळ होते आणि बीजांडाचे बी, हे धड्याचे मर्म. आणि ते शिकवायला निवडलेले फूल नेमके तेवढेच करून दाखवत नाही! मग फूल ही नावे पाठ करायची वस्तू होऊन बसते, यात मुलांचा काय दोष?

जास्वंदीच्याच कुळातली भेंडी घ्या. फूल पिवळे, मध्यभागी गडद तांबडे. सकाळी उमलते, दिवस कलताना मिटते. पुंकेसरांची नळी आणि तिच्यातून वर आलेली कुक्षी जास्वंदीसारखीच. पाकळ्या गळाल्या की आत बोटाच्या पेराएवढी भेंडी दिसते आणि आठवडाभरात ती भाजीला येते. कोवळी भेंडी आडवी चिरली की अंडाशयाचे कप्पे आणि त्यांतली बीजांडे समोर. ती चकती घरोघरी रोज चिरली जाते, पण तिला अंडाशय म्हणतात हे धडा शिकलेल्या मुलालाही माहीत नसते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. वनस्पतींत नर-मादी असते, हे पुस्तक असे सांगते, जणू ते उघडच आहे. ते उघड नव्हते. ट्यूबिंगेनच्या कॅमेरारियसने 1694 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने एरंडाची नरफुले उमलण्याआधी खुडली, तेव्हा धड बी धरले नाही. मक्याच्या कणसाचे केस कापले, तेव्हा दाणे भरले नाहीत. मक्याचा एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो. बाजारातल्या कणसात मधेच दाण्यांची खिंडारे दिसतात, तिथे बहुधा पराग पोचलेला नसतो. हे सांगायला एक परिच्छेद पुरतो. पण त्या जागी आपल्याला व्याख्या मिळते.

परागीभवन आणि फलन यांची गल्लतही याच घाईतून होते. पराग कुक्षीवर पडला म्हणजे काम झाले, असे उत्तरपत्रिकांत सर्रास आढळते. कुक्षीपासून बीजांडापर्यंतचे अंतर परागकण कसे ओलांडतो? अमिची या इटालियन संशोधकाला 1824 साली परागकणातून निघालेली नलिका दिसली, तीही घोळाच्या फुलात. आपण जिची भाजी करतो, तीच घोळ. दर बीजांडासाठी एक परागनलिका लागते, हे कळले की भेंडीतल्या बिया मोजण्याला अर्थ येतो.

पुस्तकातला प्रयोगही नावालाच असतो : 'फुलाचे निरीक्षण करा.' वेलीवरच्या भोपळ्याला हे काम द्यावे. त्याची नरफुले आणि मादीफुले वेगळी असतात. मादीच्या खाली सुपारीएवढा भोपळा आधीच असतो. नराला घरी 'वांझ फूल' म्हणून भज्यांत घालतात. (आजीचा हा शब्द चूक ठरवण्याआधी तिचे निरीक्षण किती अचूक होते, ते वर्गात जरूर सांगावे.) उद्या उमलतील अशा दोन मादी कळ्या आदल्या संध्याकाळी कागदी पिशवीत बांधाव्यात. सकाळी एकीची पिशवी सोडून कुक्षीवर नरफूल घासावे आणि पिशवी पुन्हा बांधावी. दुसरीला हात लावू नये. काही दिवसांत दुसरीखालचा भोपळा पिवळा पडून गळतो. पहिलीही गळाली तर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा, आणि पुढच्या खेपेला चार-चार कळ्या बांधाव्यात. हाच प्रयोग भेंडीवर मात्र फसतो. तिला पिशवी घातली तरी फळ धरते, कारण तिचा पराग तिच्याच कुक्षीवर पडतो. का फसला, हे मुलांनाच शोधू द्यावे.

परीक्षेत आकृती जास्वंदीचीच येणार, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. पण भेंडीचे फूल उभे कापून नावे दिली, तर नावे तीच राहतात आणि बाणांच्या जागाही त्याच. फूल सकाळच्या तासालाच आणावे लागेल, एवढेच.