स्वयंसेवी संगणनातील प्रोसेसर-अनुकूलन : एक चिकित्सा

असंख्य घरगुती संगणकांचा रिकामा वेळ एकत्र आणून मोठी वैज्ञानिक गणिते सोडविण्याच्या पद्धतीस स्वयंसेवी वितरित संगणन असे संबोधले जाते. मे १९९९ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून सुरू झालेल्या 'सेटी अ‍ॅट होम' प्रकल्पाने ही पद्धत लोकांपर्यंत पोहोचविली. मार्च २०२० मध्ये कामाचे वाटप थांबेपर्यंत पन्नास लाखांहून अधिक लोक त्यात सहभागी झाले होते. या उपक्रमांविषयीचे बरेचसे लेखन गौरवपर असून सहभागींच्या संख्येपाशीच ते थांबते. दान केलेल्या वेळातून प्रत्यक्ष काम किती होते, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी प्रोसेसर-अनुकूलनावर, म्हणजे एकच प्रोग्रॅम निरनिराळ्या प्रोसेसरांच्या खास क्षमतांनुसार घडविण्यावर, अवलंबून असते.

उदाहरणादाखल अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी कर्मचारी वसाहतीतील एखादे घर कल्पावे. लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेला, पेंटियम ४ चा, शंभर वॅट वीज घेणारा संगणक तेथे अहोरात्र चालू राहिला, तर तीस दिवसांत ७२ युनिट खर्च होतात आणि ते 'बेस्ट'च्या बिलात येतात. रिकामा वेळ फुकटच जात असतो, हे गृहीतक १९९९ मध्ये बरेचसे खरे होते. कारण त्या काळचे अनेक घरगुती संगणक काम नसतानाही जवळपास तेवढीच वीज घेत. पुढे काम नसताना विजेचा वापर आपोआप कमी करणारे प्रोसेसर आले आणि हे गृहीतक टिकले नाही. दात्याचे दान आता वेळेचे राहिले नसून विजेचे झाले आहे. त्याच ७२ युनिटांत एखादा प्रोग्रॅम दुप्पट काम करीत असेल, तर अनुकूलनाला केवळ हौशी मंडळींची शर्यत म्हणता येत नाही.

यंत्रांची विविधता ही यातील मूळ अडचण होय. पेंटियम ३ मध्ये १९९९ साली 'एसएसई' हा आज्ञासंच आला. त्यायोगे एका आज्ञेत चार संख्यांवर क्रिया करता येई. एएमडीचा 'थ्रीडीनाऊ' निराळा होता. 'एसएसई२' इंटेलने २००० मध्ये आणला, तर एएमडीने २००३ मध्ये. सर्वांना एकच प्रोग्रॅम पाठवावयाचा, तर तो सर्वांत जुन्या यंत्राला झेपेल असाच करावा लागे. नव्या यंत्राची ताकद वापराविना राही. म्हणून जाणत्या सहभागींनी स्वतःच अनुकूलित आवृत्त्या तयार केल्या. चुकीची आवृत्ती बसविल्यास प्रोग्रॅम अनोळखी आज्ञेपाशी बंद पडे. ही जोखीम दात्यानेच पत्करावयाची होती.

'आईनस्टाईन अ‍ॅट होम' (२००५) या प्रकल्पाचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. हा प्रकल्प लायगो वेधशाळांच्या नोंदींत फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गुरुत्वीय लहरी शोधतो. महाराष्ट्राशी या विषयाचे नाते जवळचे आहे. अपेक्षित लहरींचे साचे करून ते नोंदींशी ताडून पाहण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुकातील बी. एस. सत्यप्रकाश व संजीव धुरंधर यांनी १९९१ मध्ये मूलगामी संशोधन प्रसिद्ध केले होते. ते जोडताऱ्यांच्या मीलनाविषयी होते, तरी साच्यांची संख्या वाढली की गणनेचा भार वाढतो, हे येथेही लागू पडते. हिंगोली जिल्ह्यातील लायगो-इंडियाला २०२३ मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली आहे. अशा शोधात वेग वाढणे म्हणजे अधिक क्षीण संकेतापर्यंत पोहोचणे होय. २००६ मध्ये हंगेरीतील एका सहभागी प्रोग्रॅमरने या प्रकल्पाचा प्रोग्रॅम कित्येक पटींनी वेगवान करून दाखविला. प्रकल्पाने त्याला अडविले नाही, तर अधिकृत आवृत्तीच्या कामात सामावून घेतले. हा उमदेपणा सर्वत्र आढळला नाही.

वेगाच्या आहारी जाऊन अचूकतेशी तडजोड होते, हा आक्षेप मात्र सहज झटकून टाकण्याजोगा नाही. जुना गणितविभाग ८० बिटांत, तर एसएसई ३२ वा ६४ बिटांत आकडेमोड करतो. बेरजेचा क्रम बदलला तरी शेवटचे अंक बदलतात. बहुतेक प्रकल्प एकच काम दोघांकडे देऊन ठरावीक मर्यादेतील फरक मान्य करतात. सर्नच्या 'एलएचसी अ‍ॅट होम'ला ती सवलत परवडणारी नव्हती. त्वरकातील कणाच्या लाखो फेऱ्यांत सूक्ष्म फरकही वाढत जातो. म्हणून तेथे अचूक पूर्णांकन करणारी गणितीय फलने वापरून प्रत्येक प्रोसेसरवर शेवटच्या बिटापर्यंत तेच उत्तर येईल, अशी व्यवस्था करण्यात आली. आक्षेपाला याहून चोख उत्तर देणे कठीण आहे.

खरा दोष आढळतो तो श्रेयगणनेत. बर्कलेच्याच 'बॉइंक' या सामायिक व्यवस्थेत प्रारंभी श्रेय हे संगणकाचा मोजलेला वेग आणि लागलेला वेळ यांच्या गुणाकाराने मागितले जाई. अनुकूलित प्रोग्रॅम वापरणाऱ्याचे काम लवकर संपे, म्हणून त्याची मागणी कमी होई आणि त्याच्या जोडीदाराचे श्रेयही घटे. ज्याने विजेची बचत केली, तोच तोट्यात! मग काहींनी वेगाचा आकडाच फुगवून सांगणाऱ्या आवृत्त्या काढल्या. या गुणांना बाजारात कवडीची किंमत नसतानाही त्यांवरून झालेले वाद पाहता, मोजमापाची चूक किती महाग पडते हे ध्यानी येते. पुढे सेटीने प्रत्यक्ष क्रियांची मोजणी स्वीकारली. वीज हा घटक मात्र त्या हिशेबात तेव्हाही आला नाही.

२०१३ पासून बॉइंक अँड्रॉइड फोनवरही चालू लागले. फोनचा प्रोसेसर मोजक्या वॅटांत काम करतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली ५२ वी ज्ञात मर्सेन मूळ संख्या तर ग्राफिक्स प्रोसेसरांच्या भाड्याने घेतलेल्या ताफ्यावर सापडली. अशा स्थितीत अँटॉप हिलमधील त्या पेंटियम ४ ला कोणतेही अनुकूलन तारू शकत नाही. ते यंत्र आता बंद केलेलेच बरे, हे त्याच्या मालकाला सांगू शकेल असा एकही आकडा बॉइंकच्या श्रेयपत्रकात नाही.