नव्या इंजिनांचा नाद आणि रसिकांचा आक्षेप

सप्टेंबर २०२२ मध्ये मर्सिडीज-एएमजी या जर्मन कंपनीने आपल्या 'सी ६३ एस' या वेगवान मोटारीची नवी पिढी प्रसिद्ध केली. तेव्हा मोटारींच्या रसिकांत जो क्षोभ उसळला त्याचे स्वरूप साहित्यसमीक्षेच्या अभ्यासकांस अगदीच अपरिचित वाटू नये. २०१४ पासून या मोटारीत आठ सिलिंडरांचे, चार लिटर क्षमतेचे इंजिन होते. नव्या मोटारीत चार सिलिंडरांचे, दोन लिटरांचे इंजिन आणि मागच्या बाजूस विजेची मोटर अशी जोडणी आली. एकत्रित शक्ती ६८० अश्वशक्ती. पूर्वीची ५१० होती. तरीही पुष्कळ रसिकांचा निर्णय ठरून गेला होता: या गाडीत प्राण राहिला नाही. शक्ती वाढली आणि प्राण गेला, हे विधान तर्कदृष्ट्या चमत्कारिक आहे. ते वस्तूविषयीचे मानावे की बोलणाऱ्याच्या मनःस्थितीविषयीचे, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

या आक्षेपाचे खंडन करण्याचा सोपा मार्ग इतिहासाचा आहे. पोर्शे कंपनीची '९११' ही मोटार १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम दिसली, तेव्हा तिचे इंजिन हवेने थंड होत असे. १९९७ साली पाण्याने थंड होणारे इंजिन आले आणि खरी ९११ संपली असा आक्रोश झाला. २०१५ साली तिच्या 'कॅरेरा' प्रकारांत टर्बोचार्जर बसविण्यात आला, तेव्हा पुन्हा तोच आक्रोश. मात्र या खेपेस जिचा शोक झाला ती पाण्याने थंड होणारी, टर्बोविना चालणारी मोटार होती. म्हणजे आधीच्या शोककर्त्यांनी जिला खोटी ठरविले होते तीच. सी ६३ ची कथा फारशी निराळी नाही. २००७ च्या गाडीतील सहा लिटरांहून मोठे, टर्बोरहित इंजिन २०१४ मध्ये गेले तेव्हाही कुरकुर झालीच होती. आठ वर्षांनी त्याच्या जागी आलेले टर्बोयुक्त इंजिन अस्सल ठरले. यावरून रसिकांचा आक्षेप म्हणजे निव्वळ स्मरणरंजन, असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. तीच तक्रार पुनःपुन्हा झाली म्हणून ती प्रत्येक वेळी खोटी ठरत नाही. प्रत्येक वेळी काहीतरी खरोखरच गेले असण्याचा संभव उरतो.

आणि तसे ते गेलेही आहे. एएमजीच्या आठ सिलिंडरी इंजिनात सिलिंडरांच्या दोन रांगा असतात. इंधनाचे स्फोट एकंदरीत समान अंतराने होत असले तरी एकेका रांगेत ते विषम अंतराने होतात, आणि धुराच्या नळ्यांतून येणारी ती घनगंभीर, किंचित अडखळती गुरगुर या विषमतेतून जन्मते. नव्या इंजिनातील चार सिलिंडर एका रांगेत समान अंतराने पेटतात. तेथे ही विषमता संभवत नाही. टर्बोचार्जर धुरातील शक्ती वापरून घेतो, त्यामुळे आवाज मवाळ होतो. पोर्शेच्या इंजिनाभोवती आलेले पाण्याचे वेष्टणही त्याचा खडखडाट दडपते. तेव्हा नाद हा यंत्रावर वरून चढविलेला अलंकार नव्हे. यंत्राच्या रचनेचाच तो श्राव्य परिणाम होय. (रसिक हे कारण क्वचितच देतात. 'प्राण' आणि 'आत्मा' या शब्दांवर त्यांचे भागते, आणि प्रतिपक्षाचे त्यामुळे फावते.)

या नादाचे सौंदर्य शुद्ध संवेदनांच्या पातळीवर उलगडता येईल काय? मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथातील संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांची कसोटी येथे लावून पाहण्याचा मोह होतो. पण तेवढ्याने भागत नाही, हे २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ या मोटारीने दाखवून दिले. तिच्या आधीच्या पिढीत मिनिटाला आठ हजारांहून अधिक फेरे घेणारे दहा सिलिंडरांचे इंजिन होते. नव्या गाडीत आठ सिलिंडर व टर्बोचार्जर आले, आणि इंजिनाचा आवाज आतील ध्वनिक्षेपकांतून ऐकविण्याची योजना झाली. रसिकांचा रोष त्या आवाजाच्या गुणावर नव्हता, तो कोठून येतो यावर होता. कांटने आपल्या निर्णयशक्तीच्या मीमांसेत (१७९०) एका यजमानाची गोष्ट सांगितली आहे. पाहुण्यांना कोकिळकुळातल्या नव्हे, तर युरोपातल्या रात्री गाणाऱ्या नाइटिंगेल पक्ष्याचे कूजन ऐकविता यावे म्हणून तो झुडुपात एक पोर दडवून ठेवतो. ते पोर वेताच्या नळीने हुबेहूब कूजन करते. फसवणूक कळताच ते गाणे कोणासही ऐकवत नाही. संवेदना तीच, निर्णय उलटा. एम५ च्या रसिकांची तक्रार याच जातीची आहे. तिच्यात रुचीपेक्षा ज्ञानाचा अंश अधिक आहे, आणि रसिकांच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा हाच.

परंतु तो त्यांच्यावरही उलटतो. सत्याचा आग्रह धरला, तर चार सिलिंडरांचे इंजिन चार सिलिंडरांसारखे वाजते हा आरोप होऊ शकत नाही. ज्या '६३' या आकड्याची विटंबना झाली म्हणून खेद केला जातो, तो २००७ च्या इंजिनासही काटेकोरपणे लागू नव्हता. त्याची क्षमता ६,२०८ घनसेंटिमीटर होती. नव्या दोन लिटरी इंजिनाची एकट्याची शक्ती ४७६ अश्वशक्ती आहे, आणि २०१४ च्या सी ६३ च्या साध्या आवृत्तीतील आठ सिलिंडरांची शक्तीही नेमकी तेवढीच होती. वर्षानुवर्षे आकड्यांवरून श्रेष्ठत्व ठरविणाऱ्यांना कंपनीने आकड्यांतच उत्तर दिले, तेव्हा कोठे त्यांना आकड्यांची अपूर्णता उमगली. युरोपीय संघाने नव्या मोटारींच्या कार्बन उत्सर्जनाची सरासरी किलोमीटरला ९५ ग्रॅमपर्यंत खाली आणण्याचे बंधन घातले, हे कारण तर या चर्चेत बहुधा तळटीपेसारखेच येते. एक तक्रार मात्र निरपवाद खरी आहे: नव्या गाडीचे वजन २,१०० किलोंवर गेले, पूर्वीपेक्षा तीनशेहून अधिक किलोंनी. ६८० हा आकडा तिचे उत्तर नव्हे.

कांटच्या दृष्टांतालाही एक मर्यादा आहे, आणि ती २०२३ साली आलेल्या ह्युंदाईच्या 'आयोनिक ५ एन' या विजेच्या मोटारीमुळे ध्यानात येते. तिच्यात इंजिनच नाही. तरीही ती पेट्रोलच्या इंजिनाचा आवाज काढते, नसलेले गिअर बदलल्याचा धक्काही देते. एम५ वर रागावलेल्या वर्गातूनच तिचे पुष्कळ कौतुक झाले. ही विसंगती म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. येथे पोर झुडुपात दडलेले नाही. ते रंगमंचावर आहे, आणि त्याला गप्प करण्याची कळ चालकाच्या हाती आहे. शंकुकाच्या चित्रतुरगन्यायाची येथे आठवण होते. चित्रातील घोडा पाहताना होणारी प्रतीती यथार्थ, मिथ्या, संशय व सादृश्य या चारही ज्ञानांहून निराळी असते, आणि नटाच्या ठिकाणी होणारी रामाची प्रतीती तशीच. अनुकरण उघड असेल तर ते आस्वादाच्या आड येत नाही. रसिकांना खुपते ते अनुकरण नसून त्याचे लपविणे होय, असे यावरून म्हणता येईल. तथापि शंकुकाच्या प्रेक्षकाने खरा घोडा पाहिलेला होता. पेट्रोलचे इंजिन कधीच न ऐकलेला चालक या मोटारीत बसेल, तेव्हा त्याला होणारी प्रतीती कशाची म्हणावी, याचे उत्तर त्या न्यायात सापडत नाही.