क-2 म्हणजे पास का नापास?

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत जूनमध्ये शाळा उघडते आणि त्याच सुमारास मिरचीचा तोडा सुरू होतो. दुपारनंतर गावात गोण्या यायला लागतात, रात्री उशिरापर्यंत मापं चालतात आणि गाड्या परराज्यांत रवाना होतात. तोडणीची मजुरी किलोवर. घरात जितके हात जास्त तितके किलो जास्त, हे गणित पालकांना कुणी शिकवावं लागत नाही. सप्टेंबरपर्यंत माझ्या हजेरीपटावर मुलींच्या नावापुढे फुल्या वाढत जातात.

अशाच एका पावसाळ्यात ‘प्रिय बाई’ दुसऱ्यांदा वाचलं. इटलीतल्या फ्लॉरेन्सजवळ डोंगरात बार्बियाना नावाची वस्ती आहे. तिथे लोरेंझो मिलानी या पाद्र्याने शाळा चालवली. तिथल्या आठ मुलांनी, त्यांना नापास करणाऱ्या शिक्षिकेला उद्देशून हे पत्र लिहिलं. 1967 साली ते पुस्तकरूपाने आलं आणि काही आठवड्यांत मिलानी वारले.

आपल्याकडे शिक्षकांत या पुस्तकाचं नाव निघालं की ‘प्रेरणादायी’ हा शब्द येतोच. मला तो पटत नाही. ही फिर्याद आहे, आणि तिचा पुरावा आकड्यांचा आहे. कोणत्या इयत्तेत किती मुलं गळाली, त्यांचे बाप काय करत होते, हे मुलांनी सरकारी आकडेवारीतून मोजून काढलं. गरीब घरातला जान्नी आणि डॉक्टरचा पिएरिनो ही दोन पात्रं त्या मोजणीला चेहरा देण्यापुरती आहेत. मागण्या तीनच: नापास करू नका, जी मुलं मागे पडतात त्यांना पूर्ण दिवसाची शाळा द्या, आणि जी आळशी दिसतात त्यांना शिकण्याला काही हेतू द्या.

यातली पहिली मागणी आपण कायद्याने मान्य केली. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, आठवीपर्यंत नापास करणं थांबलं. त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. गुणांच्या जागी अ-1 पासून इ-2 पर्यंत श्रेणी आल्या. आकारिक, संकलित आणि वर्णनात्मक नोंदी हे शब्द आमच्या तोंडी बसले. कल्पना चांगली होती, अजूनही आहे. मूल वर्षभर कसं शिकतं ते रोज बघा आणि लिहा, एवढंच तिचं म्हणणं. पण उरलेल्या दोन मागण्यांकडे कुणी वळलं नाही, आणि पहिली एकटीच पडली.

नोंदींचं काय झालं ते मी माझंच सांगतो. तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात, आता फोनवर पीडीएफही फिरतात. मार्चअखेर मी त्यातून उतरवून काढल्या. सातवीतल्या एका मुलीपुढे ‘आवड/छंद’ या रकान्यात ‘चित्रे काढते’ असं लिहिलं आणि ‘विशेष प्रगती’त ‘शाळेत नियमित येते’. ती जुलै-ऑगस्टमध्ये मिळून दहा-बारा दिवस आली असेल. गणितात तिला क-2 मिळाली, कारण आकारिकच्या बऱ्याच चाचण्यांना ती नव्हतीच. निकालाच्या दिवशी तिच्या वडिलांनी विचारलं, “सर, क-दोन म्हंजे पास का नापास?” मी म्हणालो, “पास.” ते समाधानाने गेले.

पुढे कळलं, त्यांच्या टोळीचा हिशेब तीच ठेवते. कुणाचे किती किलो, दर काय, उचल वजा जाता हातात किती, सगळं एका वहीत. ती वही मी पाहिली. बेरजा बिनचूक होत्या. माझ्या रजिस्टरात यातलं एक अक्षर नव्हतं. जुन्या पद्धतीत मी तिला नापास केलं असतं तर निदान तिचे वडील भांडायला आले असते.

पुस्तकावर माझा एक आक्षेपही आहे. बाईंना त्यात बोलूच दिलेलं नाही. मिलानींपाशी मोजकी मुलं होती, संसार नव्हता, वर्षभर सुटी न घेता शाळा चालायची. गुणपत्रकं नव्हती. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, रोजची ऑनलाइन माहिती यातलं तिथे काही नव्हतं. शिवाय गावातल्या मुली बार्बियानाला येत नव्हत्या, हे मुलं स्वतःच कबूल करतात आणि पुढे निघून जातात. माझा प्रश्न नेमका तिथून सुरू होतो. तरी हेही खरं, की बाईंची बाजू मांडायला मी जितका उत्साहाने बसतो, तितका त्या मुलीच्या वहीसाठी बसलो नव्हतो.

2023-24 पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. नापास झालेल्याला पुनर्परीक्षेची संधी, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. गावात बऱ्याच जणांना बरं वाटलं. ‘आता शाळेत शिस्त येईल’, असं पारावर ऐकलं. तोडा मात्र जूनमध्येच सुरू होतो.

त्या मुलीचा धाकटा भाऊ यंदा माझ्याकडे आहे. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात जागा दीड ओळीची. मी लिहिलं: ‘तोड्यामुळे पहिल्या सत्रात निम्म्याहून अधिक दिवस गैरहजर, अपूर्णांक शिकवायचे राहिले.’ रजिस्टर तपासताना साहेबांनी विचारलं, “ही नोंद मुलाची आहे का तुमची?” मी म्हणालो, “दोघांची.” त्यांनी जरा विचार केला आणि सही केली.