बखरीचा बोध आणि इतिहासाचा बोध

इतिहासापासून बोध घ्यावा, असे आपण वर्गात आणि व्याख्यानपीठावरून नेहमी सांगतो. तो कसा घ्यावा याचा विचार मात्र आपल्या हातून क्वचितच होतो. झालेल्या गोष्टीचा शेवट ठाऊक असलेला मनुष्य मागे वळून पाहतो, पराभूताच्या चुका मोजतो आणि त्या चुकांनाच बोध असे नाव देतो. ही रीत कितपत प्रामाणिक आहे, हे पाहण्यासाठी भाऊसाहेबांच्या बखरीइतके उत्तम साधन मराठीत दुसरे नाही. तिच्या कर्तृत्वाविषयी मतभेद असले, तरी मराठी गद्याचे एक समर्थ लेणे म्हणून तिची थोरवी सर्वमान्य आहे. प्रस्तुत लेखात तिच्या भाषेचे गुण गाण्याचा आमचा हेतू नाही. ती जो बोध करते त्याची परीक्षा करावी, एवढेच आम्ही योजिले आहे.

बखरीचा सर्वश्रुत बोध असा : सदाशिवरावभाऊ उदगीरच्या विजयाने गर्विष्ठ झाले, मल्हारराव होळकर आणि सुरजमल जाट यांनी बायकामुले व जड सामान मागे ठेवून गनिमी काव्याने लढण्याचा दिलेला सल्ला त्यांनी अव्हेरिला, तोफखान्यावर आणि इब्राहिमखान गारद्यावर भिस्त ठेविली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी त्याचे फळ भोगिले. गर्वाचे घर खाली, ही म्हण या कथेला इतकी चपखल बसते की पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून पानिपत असेच शिकविले गेले.

आता हीच हकीकत पत्रांतून वाचावी. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि त्या वर्षांतील अस्सल पत्रे वाचकांपुढे ठेविली. त्या पत्रांतील भाऊ बखरीतील भाऊंहून वेगळे दिसतात. त्यांना पैशाची विवंचना आहे. गोविंदपंत बुंदेल्यांना रसद आणि वसुलीचे तगादे आहेत. यमुनेला पूर आहे, नावा मिळत नाहीत, म्हणून इटाव्याकडे उतार साधण्याचा बेत सोडावा लागतो. ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली हाती येते ती रिकाम्या तिजोरीची; तेथील दिवाणखान्याचे रुप्याचे छत उतरवून फौजेचा खर्च काही दिवस भागवावा लागतो. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला जातो, पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरतो आणि दक्षिणेची वाट अडते. पत्र लिहिणाऱ्याला उद्याचे ठाऊक नसते. तो आजच्या दाण्यावैरणीची आणि पाण्याची गोष्ट लिहितो. बखरकाराला उद्याचे सर्व ठाऊक असते. म्हणून आजची प्रत्येक गोष्ट त्याच्या हाती अपशकुन बनते.

आमच्या मते बखरीच्या गुणदोषांचे मूळ येथेच आहे. जेथे बखरकार शेवट विसरून माणसांकडे पाहतो, तेथे तो थोर कलावंत आहे. जेथे शेवट आठवून तो निवाडा देऊ लागतो, तेथे तो सामान्य कीर्तनकार होतो.

पहिल्या प्रकारचे एक उदाहरण पुरे आहे. नजीबखानास बुडवू नये असे मल्हारराव शिंद्यांना सुचवितात, असा प्रसंग बखरीत आहे. नजीब नाहीसा झाला, तर पेशवे आपल्याकडून धोतरे बडवून घेतील, असा त्या सल्ल्याचा आशय. मल्हारराव असे खरोखर बोलले की नाही, याचा निर्णय इतिहाससंशोधकांनी करावा. मनुष्यस्वभावाचे ज्ञान म्हणून मात्र ते वाक्य अमोल आहे. शत्रू असतो तोवरच सेवकाची गरज असते, शत्रू संपला की सेवकाचा मान संपतो, ही भीती सर्व काळच्या दरबारांत आणि आजच्या कचेऱ्यांतही वावरताना दिसते. येथे बखरकार कोणालाही दोष देत नाही. तो फक्त मनाचा एक कोपरा उघडून दाखवितो. असा बोध दोनशे वर्षांनी शिळा होत नाही.

दुसऱ्या प्रकारचे उदाहरण म्हणजे गनिमी काव्याविषयीचा निवाडा. मल्हाररावांचे ऐकले असते तर जय मिळाला असता, हे बखर वाचून सहज पटते. परंतु याच मल्हाररावांना मार्च १७६० मध्ये, म्हणजे भाऊ उत्तरेत पोहोचण्यापूर्वी, सिकंदराबादेजवळ अब्दालीच्या घोडदळाने अचानक गाठून पराभूत केले होते. ज्या रीतीची भलावण ते करीत होते, तीच रीत त्या शत्रूपुढे तोकडी पडली होती. उलट फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला तोफखान्याने भाऊंना यश दिले होते. दोघेही आपापल्या अनुभवाला धरून बोलत होते. मनुष्य ज्या साधनाने एकदा जिंकतो, त्या साधनाला तो सिद्धान्ताचे रूप देतो. हा दोष भाऊंचा तसाच मल्हाररावांचा. आणि खरे पाहता तो तुमचाआमचाही आहे. बखरकाराने तो एकाच्या पदरी गर्व म्हणून बांधिला आणि दुसऱ्याच्या पदरी शहाणपण म्हणून.

या निवाड्याची खरी कसोटी पुढील काळाने घेतली. पानिपतातून जखमी होऊन, जन्माचे लंगडेपण घेऊन निसटलेले महादजी शिंदे यांनी त्या रणाचा अर्थ बखरीच्या नेमका उलट लाविला. १७८४ साली त्यांनी द बॉयनला चाकरीस ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या. तोफखाना आणि पायदळ यांवर भिस्त ठेवणे ही भाऊंची चूक होती, असे त्यांना वाटले नाही; ती भिस्त पुरती पडली नाही, असेच वाटले असले पाहिजे. प्रत्यक्ष रणात उभा असलेला मनुष्य असा बोध घेतो आणि बखर वाचणारा दुसराच घेतो, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

तथापि महादजींचा बोध तरी अखेरचा होता काय? १८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपताच पेराँसह बहुतेक युरोपीय अंमलदारांनी शिंद्यांची चाकरी सोडली. असई आणि लासवारी येथे पलटणी शौर्याने लढल्या, पण युद्ध हरले. पुढल्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी जुन्या पद्धतीने मॉन्सनच्या फौजेची दाणादाण उडविली, तेव्हा मल्हाररावांचे म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटले. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात फर्रुखाबादेस लेकने त्यांच्याच घोडदळाच्या छावणीवर पहाटे छापा घातला. युद्धाच्या रीतीविषयीचा प्रत्येक बोध असा पुढल्या प्रसंगाने खोडला. मनुष्याविषयीचे बखरीतील ज्ञान मात्र एकाही प्रसंगाने खोडले गेले नाही.

इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी वाचकाला या विवेचनाचे विशेष अगत्य वाटावे. पानिपताचा दोष कोणाचा, हा वाद आपल्याकडे घराण्यांच्या अभिमानाने रंगत आला आहे. होळकरांचा अभिमानी मल्हाररावांची बाजू राखतो, शिंद्यांचा अभिमानी दत्ताजी-जनकोजींच्या बलिदानाकडे बोट दाखवितो आणि पुण्याचा अभिमानी भाऊंचा कैवार घेतो. शेजवलकरांनी आपल्या ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथात भाऊंवरील रूढ आरोपांची फेरतपासणी केली, तरी लोकांच्या मनातील न्यायालय उठलेले नाही. एक अपराधी सापडला की बाकीचे सगळे निर्दोष सुटतात. म्हणूनच हे न्यायालय आपणांस प्रिय आहे. मोठ्या आपत्तीनंतर एकच अपराधी शोधण्याची ही ओढ हाच पानिपताने उघड केलेला, आणि आपण सर्वांत कमी घेतलेला, बोध होय.

यावर कोणी म्हणेल की निवाडाच करावयाचा नसेल, तर इतिहास कशासाठी वाचावयाचा? पराभवाला कारणे असतात आणि माणसे जबाबदार असतात, हे आम्ही नाकारीत नाही. भाऊंच्या स्वभावात तिखटपणा होता आणि त्याने माणसे दुरावली, हे बखरीबाहेरील साधनांतूनही दिसते. आमचे म्हणणे एवढेच की, निवाडा करणाऱ्याने आधी शेवटाचे ज्ञान बाजूस ठेवावे आणि त्या माणसाला जेवढे ठाऊक होते तेवढ्याच उजेडात क्षणभर उभे राहावे. तसे उभे राहिल्यावर केलेला निवाडा सौम्य होईलच असे नाही. पण तो न्याय्य होईल.

आमच्या शिक्षकबंधूंना म्हणून एक सूचना करावीशी वाटते. बखरीचा उतारा वर्गात घेताना कुंजपुऱ्याच्या विजयापाशी थांबावे. नदी, रसद, पैसा, मित्र आणि शत्रू यांची स्थिती फळ्यावर मांडावी आणि विद्यार्थ्यांना विचारावे : तुम्ही भाऊ असता तर काय केले असते? दहा मुले दहा उत्तरे देतील. काही परत दिल्लीकडे वळतील, काही उत्तरेस जातील, काही तेथेच मोर्चे बांधतील. मग पुढचा भाग वाचावा. ज्या मुलाने भाऊंसारखेच उत्तर दिले असेल, त्याच्या मुद्रेवर त्या क्षणी जे उमटेल, ते गर्वाच्या घराविषयीच्या म्हणीने कधीच उमटणार नाही. आपणही चुकलो असतो, हे ज्याला एकदा कळले, त्याला इतिहास कळू लागला असे म्हणावयास हरकत नाही.